पंचमीचा घास

प्रिय अंगद,

पाकीट बघून घाबरू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत. बायडाआत्या तर इतकी ठणठणीत आहे की कालच भाकरी चिवट झाली म्हणून माझ्या सुनेला ऐकवून झालं. हे सगळं मी फोनवरच सांगितलं असतं, पण तू फोन स्पीकरवर ठेवतोस. नाही म्हणतोस, आणि मागून कुणीतरी हसतं. शिवाय तुला काही सांगायला घेतलं की अर्ध्यातच 'आक्का, पुढच्या खेपेला आलो की बसून बोलू' म्हणतोस आणि ती खेप काही येत नाही. म्हणून हे पत्र. दार लावून एकट्याने वाच आणि छगनला काहीही कळवायच्या आधी शेवटपर्यंत वाच.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. सगळी नोकरी झेडपीच्या शाळेत पोरांच्या खोट्या पोटदुख्या ओळखण्यात गेली, त्यामुळे समोरचा माणूस खरं बोलतोय असं मला चटकन वाटतच नाही. छगन सरपंच श्रावणात घरी आला आणि घाटावरच्या आपल्या पट्टीत थोरल्या काकांचं स्मारक करू म्हणाला, तेव्हा मी चहात साखर घालताना सुद्धा त्याच्याकडेच बघत होते. महायुद्धात बुडालेल्या जहाजावरचा आपल्या गावचा खलाशी, संगमावर काळ्या दगडाचा खांब, त्यावर सहादेव हे नाव, आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी तुझ्या हस्ते अनावरण. ज्या माणसाचं नाव इतकी वर्षं कुणी काढलं नाही, त्याचा एकाएकी एवढा पुळका कशाला? मी चौकशी केली. छगनच्या मेव्हण्याचं हॉटेल आपल्या पट्टीच्या मागे उभं राहतंय आणि त्याला घाटापर्यंत रस्ता हवाय. म्हणजे माझा संशय काही फुकट गेला नाही. तू मात्र त्याला फोनवर लगेच होकार देऊन बसलास. मग मला तुझाही संशय आला, की भाषण करायला मिळतंय म्हणून तर नाही ना.

छगनबरोबर करण नावाचा एक जण आला होता, नगरच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. त्याच्या बुटांना आपल्या वाटेवरचा चिखल कसा लागला नाही, हेही मला खटकलं. पण त्याने जहाजाबद्दल जे सांगितलं ते आपल्या घरात कुणी कधी धड सांगितलं नव्हतं, म्हणून तुला सांगते. ती क्रूझर होती, लांबलचक, तीन धुराड्यांची. पहिल्या महायुद्धात बांधलेली, नंतर मोडीत काढायची म्हणून कुठल्याशा बंदरात बांधून ठेवलेली. दुसरं युद्ध पेटलं तसा तिला पुन्हा रंग फासला आणि बाहेर काढलं. मुंबईहून एडन, एडनहून बसरा. फौजेची आणि धान्याची जहाजं मधे आणि ही कडेने, मेंढरांच्या कडेने म्हातारं कुत्रं चालतं तशी. तोफा जुन्या, पत्रे गंजलेले. गोऱ्यांची माणसं कमी पडली म्हणून आपल्याकडची पोरं तिच्यावर घेतली होती, त्यांतली बरीचशी अगदी खाली, बॉयलरपाशी. आगवाले म्हणायचे त्यांना. बेचाळीस सालच्या चैत्रात, हनुमान जयंतीच्या आसपास, अरबी समुद्रात पाणबुडीने तिला गाठलं. पहिला टॉर्पेडो बॉयलरच्या खोलीवरच बसला. वरच्या मजल्यांवरचे पुष्कळ वाचले; पिंपं, फळकुटं धरून तरंगत राहिले आणि दुसऱ्या जहाजाने त्यांना उचललं. खालचं एकही माणूस वर आलं नाही. हे सांगताना करणचा आवाज खाली गेला, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की हा खोटा नसावा.

तुला आठवतं, तू लहान असताना तात्यांना विचारलं होतंस? आपण होडीवाल्यांच्या घरातले. पूर असला तरी प्रवरेच्या या काठावरून गोदावरीच्या त्या काठाला माणसं नेणारे आपले आजोबा. मग थोरले काका बुडाले कसे, त्यांना पोहता येत नव्हतं का, असं तू विचारलंस. तात्या ताटावरून उठून गेले. आईने तुझ्या पाठीत धपाटा घातला आणि मग तुलाच जवळ घेऊन बसली. पुन्हा तो विषय आपण काढला नाही. तात्यांना तसं कमीच ऐकू यायचं. बन्सी, ओ बन्सी, असं दोन-तीनदा ओरडल्याशिवाय ते कधी वळायचे नाहीत. त्यांनी नको ते बरं ऐकलं, असं तेव्हा वाटलं होतं.

करणने घरातली माहिती विचारली, तेव्हा मी आपल्याला ठाऊक होतं तेच सांगितलं. थोरले सहादेव. त्यांचं लग्न छबूबाईशी झालं, म्हणजे आपल्या आईशी. लग्नाला वर्ष होतंय तोवर ते नौदलात गेले आणि जहाजाबरोबर गेले. पुढे आजोबांनी आईचा पाट धाकट्या दिराशी लावला, ते बन्सी, म्हणजे आपले तात्या. यात लाजण्यासारखं काही नाही, आपल्यात पाट लावतातच. करणने सगळं टिपून घेतलं, मान हलवली आणि गेला.

मग पितृपक्ष आला. जुने गुरुजी गेल्यापासून नेवाशाचा त्यांचा पुतण्या येतो. मी त्याला फोन करून सांगितलं की आमच्या थोरल्या काकांचा पक्ष पंचमीला असतो, येऊन जा. तो पोरगेला असला तरी चौकस आहे. काका कशाने गेले, विचारलं. मी म्हटलं, युद्धात, जहाजावर. तो म्हणाला, मग चतुर्दशी हवी, हत्याराने गेलेल्यांची ती तिथी. पंचमीला तर लग्न न होता गेलेल्यांना घालतात. काका अविवाहित होते का? मी म्हटलं, नाही हो, लग्न झालेलं होतं, त्यांची बायको म्हणजे माझीच आई. तो म्हणाला, ज्यांनी पहिल्यांदा ही तिथी धरली त्यांना माहीत असेल, मी येतो पंचमीला. फोन ठेवला आणि त्या घटकेपासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. ज्यांनी पहिल्यांदा धरली ते आजोबा. पोटच्या पोराचं लग्न ज्याने स्वतः लावून दिलं, तो बाप त्याला बिनलग्नाच्या लोकांत का बसवील?

मला एकदा धागा सापडला की मी तो सोडत नाही. माझ्या लग्नातली हळद आठवली. पाटाची बाई नवरीला पहिली हळद लावत नाही, असं शेजारच्या काकू कुजबुजल्या होत्या. आईने ऐकलं. सगळ्या बायकांना बाजूला सारून पुढे आली आणि माझ्या कपाळाला पहिलं बोट तिनेच लावलं, अगदी हक्काने. आईच्या माहेरचं कुणी एका शब्दाने बोललं नाही. मग तिच्या बांगड्या आठवल्या. एखादी पिचली तरी तिचा चेहरा उतरायचा, तुकडे पदरात गोळा करून बसायची. आणि तात्या. दर पंचमीला पान घेऊन ते एकटेच घाटाच्या टोकाला जायचे, आपल्याला मागे यायची बंदी. लांबून एवढंच दिसायचं, की ते पानावर वाकून काहीतरी बोलतात आणि मग कावळा येतो. परत येताना डोळे लाल. हे सगळं मी एकापुढे एक मांडलं आणि त्यातून जे दिसलं ते मला पाहवेना. मला वाटलं, काका आणि आईचं लग्न हे नावापुरतंच असणार. आई आणि तात्यांचं आधीपासून असणार. आणि तात्यांनीच काहीतरी करून भावाला समुद्रावर धाडलं असणार, म्हणून ते वाकून माफी मागत असणार. अंगद, आपल्या बापाबद्दल मी असं धरून चालले होते. भिंतीवरच्या त्यांच्या फोटोला रोज हार घालते, तो त्या दिवसांत घातला नाही. सुनेने विचारलं तर फुलं मिळाली नाहीत म्हणाले, आणि दारात झेंडू फुललेला.

परवा पंचमी झाली. खीर केली, वडे केले, कढी, गवारीची भाजी, सगळं आईच्या पद्धतीने. बायडाआत्याला तिच्या नातवाने रिक्षातून आणून सोडलं. तात्यांची ही धाकटी बहीण, नव्वदी ओलांडली तरी पंचमीला न चुकता येते, हेही मला यंदा संशयास्पद वाटत होतं. नवऱ्याच्या पक्षाला ती एवढी नटून बसत नाही. गुरुजींचं आटोपलं. मी पान घेऊन घाटावर गेले, आत्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची नेली. जायकवाडीचं पाणी पायऱ्यांपर्यंत चढलेलं होतं, जुना घाट आणि आपलं जुनं घर त्याच्याच खाली. मी पान ठेवलं, हात जोडले आणि म्हटलं, सहादेवकाका, या, जेवा. कावळे समोरच्या बाभळीवर होते, एकही हलला नाही. पुन्हा म्हटलं. पट्टीत रस्ता देणार नाही असंही सांगून पाहिलं, कुणास ठाऊक त्यांचा जीव त्यात असेल. काही नाही. आत्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती आणि शेवटी वैतागून म्हणाली,

"तुजी हाक चुकतीय, राहे. ज्याला बोलवतीस त्यो हितं खाऊन-पिऊन म्हातारा हून मेलाय."

मग ती काठी टेकत उठली, पानाशी गेली, वाकली आणि घरातल्या पोराला हाक मारावी तशी म्हणाली, "बन्सी, ये रं बाबा. जेव."

कावळा आला. मी सांगते म्हणून विश्वास ठेवू नकोस, मीही ठेवला नाही. आम्ही मागे सरलो म्हणून आला असेल, भुकेला असेल. पण मी तिथेच पायरीवर बसले ते कावळ्यामुळे नाही, त्या नावामुळे. मग आत्याने मला सगळं सांगितलं. आईने तिला शपथ घातली होती, पोरांना सांगायचं नाही म्हणून. आता दगडावर नाव चढणार असं कळलं आणि तिला राहवेना.

आपल्या होडीचा ठेका एकाच नावावर असायचा. ज्याच्या हातात बांबू, त्याने त्या दिवशी त्या नावाला ओ द्यायची. एक दमला की दुसरा उभा राहायचा, ठेका देणाऱ्या साहेबालाही त्याचं काही नसायचं, माणसं पलीकडे पोचली म्हणजे झालं. युद्धाच्या भरतीवाले नेवाशाच्या बाजारात आले, पाण्यावरची पोरं हवीत म्हणाले, आणि थोरल्याने, सहादेवाने, नाव दिलं. त्यांनी तपासून त्याला पसंतही केलं. हजर व्हायचा दिवस आला तेव्हा तो हिवतापाने फणफणलेला. गेलं नाही तर पोलीस येतील ही भीती. आजोबांनी धाकट्या बन्सीच्या हातात थोरल्याचा कागद दिला आणि सांगितलं, तू पुढे हो, हा बरा झाला की येऊन तुला सोडवील. सरकारचं जहाज त्यांनी आपल्या होडीसारखंच धरलं, अंगद. माणूस बदलला तर काय बिघडतं, काम तर होतंय. बन्सी तेव्हा मिसरूडही न फुटलेला. लग्न कुठलं व्हायला.

तो एकदाच रजेवर आला. आत्या तेव्हा लहान होती, पण तिला त्याचे हात आठवतात, कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. त्याने तिला सांगितलं, जहाज लई म्हातारं हाय, खाली आमच्याकडं दिवस हाय का रात हाय कळत न्हाई, भिंतीला हात लावला तर गंजाचे पोपडे हातात येत्यात. तोवर थोरला उठून हिंडू लागला होता. ठरल्याप्रमाणे आता त्याने जायचं, आजीने त्याचं गाठोडंही बांधलं होतं. जायच्या दिवशी बन्सीने ते गाठोडं सोडलं आणि स्वतःचं उचललं. घाटावर थोरल्याला काय म्हणाला ते आत्याने जवळून ऐकलंय, आणि ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं.

"दादा, वरचं काम असतं तर दिलं असतं. खालची आग तुला सोसायची न्हाई, अजून तुज्या अंगात ताप हाय. पुढच्या खेपंला तू जा."

पुढची खेप झाली नाही. चैत्र सरता सरता पोलीस पाटील बातमी घेऊन आले, की सहादेव जहाजाबरोबर गेला. आणि सहादेव भिंतीला टेकून तिथेच बसलेला. खरं सांगितलं तर सरकारला फसवलं म्हणून बापलेक दोघे तुरुंगात, नाहीतर सहादेवाची रवानगी पुढच्या जहाजावर. आजोबांनी सहादेवाच्या नावाने हंबरडा फोडला. बायकांनी आईला धरून पाटलांच्या समोर तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, आणि तिचा नवरा दोन हातांच्या अंतरावर बसून बघत होता. आत्या म्हणते, आईचं रडणं खोटं नव्हतं, ती दिरासाठी रडत होती. पोटच्या पोरासारखा होता तिला. पाटलांना दोघे भाऊ चांगले ठाऊक होते. त्यांनी मान वर करून कुणाकडे बघितलंच नाही, म्हणून त्यांना सगळं कळलं असणार असा माझा संशय आहे. वर्षभराने आईचा पाट लावला, तिच्याच नवऱ्याशी. घाटावरची दोन-चार घरं होती ती गप्प राहिली. पुढे धरणाचं पाणी आलं, माणसं पांगली, जाणारे गेले आणि नाव तेवढं राहिलं.

आपले तात्या म्हणजे सहादेव. हे मी लिहून पुन्हा वाचते आहे आणि तरी मला ते खरं वाटत नाही. तुझ्या-माझ्या दाखल्यावर मधलं नाव बन्सी, ते आपल्या चुलत्याचं आहे. तात्या बहिरे नव्हते रे. कुणीही हाक मारली की त्यांना त्यांच्या जागी मेलेल्या भावाच्या नावाला ओ द्यावी लागायची, म्हणून ते पहिल्या हाकेला वळत नसत. वर्षातून एक दिवस, पंचमीला, ते नाव त्याचं त्याला परत द्यायचे. लांबून आपल्याला ते माफी मागणं वाटत होतं, ते जेवायला बोलावणं होतं. मी घरी आले आणि आधी फोटोला हार घातला. मला फार रडू आलं, अंगद.

आता हे पत्र कशाला ते सांगते. छगनने दगडावरचा मजकूर तुझ्याकडे पाठवलाय, तुझा होकार आला की नेवाशाचा पाथरवट छिन्नी लावणार. करणच्या नोंदीत सहादेवच आहे आणि पडद्याखालून सहादेवच निघणार. गप्प राहिलो तर कुणाचं काही बिघडत नाही. बोललो तर लोक म्हणतील, यांचा बाप घरात लपून बसला आणि धाकट्याला मरायला पाठवलं. निम्मं गाव तसंच धरील, कारण मी त्यांची सख्खी मुलगी असून तेच धरलं होतं. तुझ्या कार्यक्रमाची शोभा होईल ती वेगळी. हे सगळं मला कळतं. तरी मला त्या दगडावर बन्सी हवा आहे. समुद्रात त्याला कुणी शोधलं नाही, कागदावर तो नाही, त्याचा फोटो नाही, त्याच्या नावावर दुसराच जगून गेला. त्याला एवढीच एक जागा मिळते आहे, आणि तीही त्याच्या भावाच्या नावाने भरली तर तो पुन्हा खालीच राहिला. रस्ता हवा तर छगनला देऊन टाक, पण नाव बदलून घे. मी एकटीने सांगितलं तर म्हातारी संशयी आहे म्हणून सोडून देतील. तू मुलगा आहेस, तुझं ऐकतील. दगडाचं ठरलं की पडदा तूच काढ, पण भाषणाच्या आधी पाण्याकडे तोंड करून त्याला एकदा त्याच्या नावाने हाक मार, आत्याने मारली तशी. आत्या तोवर असेल, पण तिचंही वय झालं. म्हणून याच आठवड्यात निघून ये. फक्त पुढच्या खेपेला येतो, असं म्हणू नकोस.

तुझीच,
राहीआक्का